गवंड्याची तबकडी आठवी का?

वाचकहो, क्रमवारी लावली की भांडण आलेच. वस्तीत गायन पार्ट्यांचा सामना झाला आणि पंचांनी पहिला नंबर जाहीर केला, तर पुढचे आठ दिवस नळावर आणि नाक्यावर तोच विषय चालतो. मग एखाद्या अख्ख्या देशाने आपल्या गाण्यांची क्रमवारी लावायची म्हटली तर काय होईल? ब्राझीलमध्ये हे दोनदा घडले. २००७ साली 'रोलिंग स्टोन' या मासिकाच्या ब्राझीलमधील आवृत्तीने साठ पत्रकार, अभ्यासक आणि संगीत-निर्माते यांची मते घेऊन देशाच्या इतिहासातील शंभर श्रेष्ठ अल्बमची यादी छापली. पुढे २०२२ साली इंटरनेटवरील 'दिस्कोतेका बासिका' या कार्यक्रमाने दीडशेहून अधिक जाणकारांना विचारून पाचशे अल्बमची यादी केली. ब्राझील म्हणजे फुटबॉल आणि पेले एवढेच आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असते. परंतु या याद्या वाचताना आम्हांस त्यात कष्टकरी माणसाचा एक वेगळाच हिशेब दिसला. तो वाचकांपुढे ठेवावा म्हणून हा लेख.

प्रथम अल्बम म्हणजे काय ते पाहू. एकाच तबकडीवर किंवा कॅसेटवर विचारपूर्वक एकत्र आणलेली गाणी म्हणजे अल्बम. आपल्या घरांत टेपरेकॉर्डर आले तेव्हा एकेक कॅसेट आपण 'अ' बाजू, 'ब' बाजू अशी सलग ऐकत असू. एक गाणे संपता संपता पुढचे कोणते ते पोराबाळांनाही पाठ असे. तोच हा प्रकार. ब्राझीलमध्ये मोठी तबकडी, म्हणजे एल. पी., १९५१ च्या सुमारास बाजारात आली आणि सत्तरच्या दशकात तिला खरा बहर आला. म्हणूनच या याद्यांत १९७० ते १९७६ या काळातील तबकड्यांची इतकी गर्दी आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गाणे तोंडाने होते, हाताच्या टाळीवरही होते. अल्बमला मात्र कंपनी लागते, स्टुडिओ लागतो, वादकांचा मेहनताना लागतो आणि मुखपृष्ठावर छापायला नाव लागते. जो अल्बम मोजतो तो गाणे मोजतोच असे नाही.

पहिल्या दहांत कोण?

२००७ च्या यादीत पहिला क्रमांक लागला 'नोव्होस बायानोस' या मंडळाच्या १९७२ च्या 'आकाबोउ शोरारे' या तबकडीचा. नावाचा अर्थ साधारण 'रडणे संपले'. जुआंव जिल्बेर्तो या थोर गायकाची चिमुकली मुलगी पडली, बाप धावत आला, तेव्हा पोर्तुगीज आणि स्पॅनिशची खिचडी करून ती हे बोलली, अशी या नावाची कथा सांगतात. ही पोरे बाहिया प्रांतातून रिओ द जानेरोला आलेली. पुढे शहराबाहेर एकाच आवारात सारी बायकामुलांसह राहत, एकत्र जेवत, गाण्याइतकाच वेळ फुटबॉल खेळण्यात घालवीत. विजेची गिटार वाजविण्याच्या नादात असलेल्या या तरुणांना जिल्बेर्तोनेच आपल्या मातीतल्या सांब्याकडे वळविले. तबकडी मोठी आनंदी आहे. देशात लष्करी राजवट होती, माणसे पकडली जात होती आणि त्याच वेळी ही मंडळी खळखळून गात होती.

स्वतः जिल्बेर्तोची १९५९ ची 'शेगा दे साउदादे' चौथी आली. सांब्याचा ढोल त्याने गिटारच्या तारांवर आणला आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाशी बोलावे इतक्या हळू आवाजात गायला. त्यातून बोसा नोव्हा हा प्रकार उभा राहिला आणि जगभर गेला. 'साउदादे' म्हणजे दूर गेलेल्या माणसाची हुरहूर. पोर्तुगीज जाणणाऱ्या गोव्यातील जुन्या मंडळींना हा शब्द सांगावा लागणार नाही, कारण १९६१ पर्यंत गोव्यावर राज्य केलेल्या पोर्तुगिजांचीच भाषा ब्राझीलमध्ये बोलली जाते.

दुसरी आली ती १९६८ ची 'त्रोपिकालिया' मंडळींची तबकडी. त्यातले काएतानो व्हेलोझो आणि जिल्बेर्तो जिल हे दोघे त्याच वर्षाच्या डिसेंबरात पकडले गेले आणि पुढे त्यांना लंडनला हद्दपार व्हावे लागले. काएतानोने तेथे केलेली 'त्रान्सा' दहावी आहे. पैकी कृष्णवर्णीय जिल पुढे २००३ मध्ये देशाचा सांस्कृतिक मंत्री झाला.

आता तिसऱ्या आणि आठव्या क्रमांकाकडे येऊ. आमचा खरा विषय तेथेच आहे.

परांचीवरचा माणूस

तिसरा क्रमांक शिको बुआर्की या कवी-गायकाच्या १९७१ च्या 'कोन्स्त्रुसांव' या तबकडीचा. नावाचा अर्थ 'बांधकाम'. त्यातले मुख्य गाणे एका बांधकाम मजुराचे आहे. तो सकाळी बायकोचा आणि पोरांचा निरोप घेतो, परांचीवर चढतो, भिंत उभी करतो, दुपारी जेवतो आणि वरून कोसळतो. रस्त्यावर त्याचा जीव जातो आणि त्याने रहदारीला अडथळा होतो. बस्स, एवढेच. मग तीच हकीकत पुन्हा सुरू होते. फक्त ओळींच्या शेवटचे शब्द अदलाबदल झालेले असतात, एका मजुराच्या जागी दुसरा मजूर कामाला लावावा तसे. मागे वाद्यांचा गलबला वाढत वाढत यंत्रांच्या खडखडाटासारखा होतो. ज्यांच्या घरातला माणूस नाक्यावर उभा राहून बिगारी कामाला जातो, त्यांना हे गाणे भाषा न कळताही कळेल असे आम्हांस वाटते.

शिको हा स्वतः सुस्थितीतल्या, विद्वान घराण्यातला. वडील नामांकित इतिहासकार. सेन्सॉरने त्याला पुष्कळ छळले, त्याने मान तुकविली नाही. त्याच्या तबकडीचा मान रास्तच आहे.

परंतु आठव्या क्रमांकावर कोण आहे ते पाहा. तेथे 'कार्तोला' नावाचा माणूस आहे आणि तो खराखुरा गवंडी होता.

टोपीवाला

त्याचे खरे नाव अँजेनोर दि ऑलिव्हेइरा. जन्म रिओ शहरात, १९०८ साली. घरची ओढगस्त म्हणून तो अकरा वर्षांचा असताना कुटुंब मांगेइरा नावाच्या टेकडीवरच्या झोपडपट्टीत राहायला गेले. (मांगेइरा म्हणजे आंब्याचे झाड. आंबा तिकडे पोर्तुगिजांच्या जहाजांतूनच पोचला.) शिक्षण प्राथमिक शाळेपुरते. पोरगा बांधकामावर लागला. सिमेंट केसांत पडू नये म्हणून तो डोक्यावर गोल साहेबी टोपी घालून काम करी, म्हणून सोबत्यांनी नाव ठेवले 'कार्तोला', म्हणजे टोपीवाला. तेच नाव जन्मभर राहिले.

१९२८ साली त्याने आणि त्याच्या सवंगड्यांनी टेकडीवर 'एस्तासांव प्रिमेइरा दि मांगेइरा' ही सांबा शाळा काढली. शाळा म्हणजे फळा-खडूची शाळा नव्हे. वर्षभर तालमी करून कार्निव्हलच्या मिरवणुकीत उतरणारे वस्तीचे मंडळ म्हणजे सांबा शाळा. मांगेइराचे हिरवा आणि गुलाबी हे रंग कार्तोलाने निवडले. आज हे मंडळ साऱ्या देशाला ठाऊक आहे.

त्या काळी रेडिओवरचे गोरे, नावाजलेले गायक टेकडीवर येत आणि गरीब रचनाकारांकडून सांबे विकत घेत. कित्येकदा विकत घेणाऱ्याचेच नाव रचनाकार म्हणून लागे. कार्तोलानेही सुरुवातीला फ्रान्सिस्को आल्व्हेस यांच्यासारख्या नामवंतांना आपल्या चालींचे हक्क असेच विकले. तबकड्या निघाल्या, खपल्या. गवंडी टेकडीवरच राहिला.

चाळिशीच्या आसपास त्याचे सारेच बिनसले. मोठे आजारपण आले, बायको वारली, त्याने टेकडी सोडली. लोक समजले, कार्तोला मेला. १९५६-५७ च्या सुमारास सेर्जिओ पोर्तो या पत्रकाराला तो रिओच्या इपानेमा भागात मोटारी धुताना सापडला! ज्याच्या चाली देशाच्या ओठांवर होत्या तो माणूस बादली आणि फडके घेऊन उभा होता.

पोर्तोने त्याला पुन्हा रेडिओवर आणले. तोवर कार्तोलाच्या जीवनात झिका आली होती. तीही मांगेइराचीच, हाताला चव असलेली बाई. १९६३ साली दोघांनी रिओच्या कारिओका रस्त्यावर 'झिकार्तोला' नावाची खानावळ काढली. ती रांधी, तो गाई. टेकडीवरचे म्हातारे रचनाकार आणि शहरातली शिकलेली पोरे तेथे एका टेबलाशी बसू लागली. पाउलिन्यो दा व्हिओला हा त्या वेळी बँकेत काम करणारा तरुण. गाण्याबद्दलचा पहिला मेहनताना त्याला कार्तोलाने येथेच हातावर ठेवला. पुढे तो फार मोठा गायक झाला. खानावळ मात्र दोन वर्षांत बंद पडली. तिकडे हिशेबापेक्षा गप्पाच अधिक चालत असाव्यात.

आणि अल्बम? स्वतःच्या नावाची पहिली तबकडी निघाली १९७४ साली, मार्कूस पेरेइरा यांच्या छोट्या कंपनीतून. कार्तोला तेव्हा पासष्ट वर्षांचा होता. दुसरी १९७६ साली निघाली. यादीत आठवी आहे ती ही दुसरी. त्यात 'जग ही एक गिरणी आहे' अशा अर्थाचे नाव असलेले गाणे आहे. घर सोडून निघालेल्या तरुण मुलीला वडीलधारा माणूस काय सांगेल, ते त्यात आहे. दुसरे आहे गुलाबांचे. अंगणात इतके गुलाब कसे फुलले, असे झिकाने विचारले. हा म्हणाला, मला काय ठाऊक, गुलाब काही बोलत नाहीत. तेवढ्यावरून गाणे झाले. आवाज थकलेला, पण शब्द कसे एकेक वीट लावावी तसे. १९८० साली तो वारला. म्हणजे साऱ्या आयुष्यातली शेवटची सहा वर्षे त्याला तबकडीवाला गायक म्हणून मिळाली.

गवंड्यावरचे गाणे तिसरे आणि गवंड्याचे गाणे आठवे, असा हा मामला आहे. यात पंचांचा काही दुष्टावा आहे असे आम्ही म्हणत नाही. पहिल्या दहांत त्याला बसविले हेच पुष्कळ, असेही कोणी म्हणेल. आमचा प्रश्न निराळा आहे. या माणसाने विशीत, तिशीत, चाळिशीत जे गायले त्याच्या तबकड्या कोठे आहेत? त्या निघाल्याच नाहीत. न निघालेल्या तबकडीला कोणता क्रमांक द्यायचा?

सांबा कोणाचा?

ब्राझीलमध्ये आफ्रिकेतून पंचेचाळीस-पन्नास लाख माणसे गुलाम करून आणली गेली. अमेरिका खंडांत गुलामगिरी सर्वांत शेवटी बंद केली ती याच देशाने, १३ मे १८८८ रोजी. सुटका झाली, पण जमीन मिळाली नाही. माणसे शहरांकडे आली, टेकड्यांवर झोपड्या बांधून राहिली. सांबा त्यांच्याबरोबर आला. सुरुवातीला पोलीस सांबा वाजविणाऱ्याला भटक्या, उनाड म्हणून धरीत. जुआंव दा बायाना या वादकाचे पांदेइरो, म्हणजे आपल्या खंजिरीसारखे वाद्य, पोलिसांनी जप्त केले. तेव्हा एका सिनेटरने त्यावर आपले नाव कोरून त्याला नवे पांदेइरो भेट दिले, ही हकीकत तिकडे प्रसिद्ध आहे. ते नाव पाहिले की पोलीस हात लावीत नसत!

रिओमध्ये सिआता मावशी या बाहियाकडच्या कृष्णवर्णीय बाई मिठाई विकून संसार करीत. त्यांच्या घरी गाणाऱ्यांची बैठक जमे. त्या बैठकीत अनेकांच्या तोंडून घडलेले एक गाणे १९१६ साली डोंगा नावाच्या वादकाने स्वतःच्या नावे नोंदविले आणि १९१७ मध्ये त्याची तबकडी गाजली. तबकडीवर आलेला पहिला सांबा म्हणून त्याचा मान आहे आणि ते नक्की कोणाचे हे भांडणही तेव्हापासूनच आहे. मावशीचे नाव तबकडीवर नव्हते.

माताभगिनींसाठी थोडे

२००७ च्या यादीतील पहिल्या दहांत एकट्या स्त्रीच्या नावाची एकही तबकडी नाही. मंडळांतून बायका गायल्या आहेत, पण नाव मंडळाचे. म्हणून दोन बायांची ओळख येथे मुद्दाम करून देतो.

क्लेमेंतिना दि जेझूस, जन्म १९०१. वीस वर्षांहून अधिक काळ दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक. गुलामीतून आलेल्या वाडवडिलांची गाणी आईच्या तोंडून ऐकून पाठ झालेली. १९६३ साली एका कवीने त्यांना एका खानावळीत गाताना ऐकले. तेव्हा त्या साठी ओलांडलेल्या होत्या. स्वतःच्या नावाची पहिली तबकडी १९६६ साली निघाली. आवाज जाडाभरडा, जमिनीतून यावा तसा. खाणीत राबणाऱ्या गुलामांच्या गाण्यांची एक तबकडी १९८२ मध्ये निघाली, तीतही त्या गायल्या. त्यांना १९६३ साली कोणी ऐकलेच नसते तर ही ठेव त्यांच्याबरोबरच गेली असती.

दुसऱ्या एल्झा सोआरेस. जन्म १९३० चा, रिओच्या झोपडपट्टीतला. बारा-तेराव्या वर्षी लग्न लावून दिलेले, लगेच बाळंतपण. १९५३ साली मूल आजारी, औषधाला पैसा नाही, म्हणून रेडिओच्या स्पर्धेत नाव दिले. आईचा झगा पिना लावून अंगासरसा केलेला. तो अवतार पाहून सभागृह हसले. कार्यक्रम चालविणाऱ्या आरी बारोझो यांनी विचारले, बाई, तू कोणत्या ग्रहावरून आलीस? एल्झा म्हणाल्या, भुकेच्या ग्रहावरून. हसू थांबले. त्या गायल्या आणि बक्षीस घेऊन घरी गेल्या. २०१५ मध्ये, पंच्याऐंशीच्या घरात असताना, त्यांनी तरुण वादकांना घेऊन 'जगाच्या शेवटाची बाई' अशा अर्थाच्या नावाची तबकडी केली. त्यातल्या एका गाण्यातली बाई मारहाण करणाऱ्या पुरुषाला बजावते की आता फोन उचलून तक्रार करीन. स्त्रियांसाठी असलेल्या मदतीच्या फोनचा नंबरच गाण्यात आहे. २००७ च्या यादीत ती असणे शक्यच नव्हते. २० जानेवारी २०२२ रोजी एक्क्याण्णवाव्या वर्षी त्या वारल्या. त्याआधी भुकेच्या ग्रहाचे नावही त्यांनी २०१९ च्या एका तबकडीला देऊन टाकले होते.

यादी हलते

२०२२ च्या यादीत दोन बदल लक्षात घेण्याजोगे आहेत. पहिला म्हणजे साओ पाउलोच्या गरीब वस्त्यांतून आलेल्या 'रासिओनाइस' या चार कृष्णवर्णीय तरुणांच्या रॅप मंडळाची १९९७ ची तबकडी चौदाव्या क्रमांकावरून पहिल्या दहांत आली. नावाचा अर्थ 'नरकात तगून राहताना'. ती त्यांनी मोठ्या कंपनीचे दार न ठोठावता स्वतःच्या छोट्या कंपनीतून काढली. २ ऑक्टोबर १९९२ रोजी कारांदिरू तुरुंगात पोलिसांनी १११ कैदी मारले. त्या घटनेवरचे गाणे तुरुंगातल्याच एका कैद्यासोबत लिहिलेले आहे. पुढे हा अल्बम काम्पिनास विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेच्या वाचनात लागला, २०१८ मध्ये त्याचे पुस्तक निघाले. वस्तीतली पोरे जे बसथांब्यावर म्हणत होती, ते आता परीक्षेला आले.

दुसरा बदल पहिल्या क्रमांकाचा. तेथे आता १९७२ चा 'क्लूबे दा एस्किना' आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर 'नाक्यावरचे मंडळ'. मिल्टन नासिमेंतो आणि लो बोर्जेस या दोघांची ही जोडतबकडी. मिल्टनची आई घरकाम करणारी कृष्णवर्णीय बाई. तो अगदी लहान असतानाच ती गेली आणि एका गोऱ्या कुटुंबाने त्याला वाढविले. तबकडी अप्रतिमच आहे, पहिल्या क्रमांकाबद्दल आमची तक्रार नाही. पण मुखपृष्ठ पाहा. गायकांची नावेही नाहीत, फोटोही नाही. मातीच्या रस्त्याकडेला बसलेली दोन लहान मुले आहेत, एक काळा, एक गोरा. छायाचित्रकाराने गाडीतून जाता जाता टिपलेली. ही पोरे कोण, हे चाळीस वर्षे कोणाला ठाऊक नव्हते. २०१२ साली एका वृत्तपत्राने शोध घेतला तेव्हा दोघे त्याच परिसरात सापडले. आपण देशातल्या इतक्या नामांकित तबकडीवर आहोत, याची त्यांना कल्पनाच नव्हती.

आमची क्रमवारी कोणी विचारली, तर आम्ही १९७६ ची कार्तोलाची तबकडी पहिली ठेवू, क्लेमेंतिनाबाईंना दुसऱ्या जागी बसवू आणि नाक्यावरच्या मंडळाला तिसऱ्या. गवंड्यावरचे गाणे चौथे चालेल. हे पटले नाही तर वाचकांनी स्वतःची लावावी. या तबकड्या आता मोबाईलवर ऐकता येतात, विकत घ्याव्या लागत नाहीत. भाषेची भीती नको. रात्रीची जेवणे झाल्यावर, टीव्ही बंद करून, कार्तोलापासून सुरुवात करावी. त्या तबकडीच्या मुखपृष्ठावर घराच्या खिडकीत दोघे जण दिसतील. डोळ्यांवर काळा चष्मा आहे तो कार्तोला. शेजारी आहे ती झिका.